मुरुडशेंग : रानातील औषध आणि घरातील सहाण

मराठवाड्यात ज्या घरी तान्हे मूल असते त्या घरी बहुधा एक पुरचुंडी असते. आजीने बांधून दिलेली, नाहीतर बाळंतविड्याबरोबर माहेरहून आलेली. तीत हळकुंड, वेखंड, हिरडा, बेहडा, सुंठ, अतिविष, नागरमोथा, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, काकडशिंगी अशी काष्ठौषधे असतात आणि त्यांच्यामध्येच पीळ दिलेल्या सुंभाच्या तुकड्यासारखी दिसणारी एक तपकिरी शेंग असते. अंगठ्याहून थोडी लहान, टणक आणि मळसूत्राप्रमाणे फिरलेली. हीच मुरुडशेंग होय. सुताराचे गिरमिट ज्याने पाहिले आहे त्याला हिचा आकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

बाळघुटीतील इतर वस्तूंपैकी पुष्कळशा बाहेरून येतात. अतिविष हिमालयातून येते, जायफळ दक्षिणेतून येते. मुरुडशेंग मात्र आपल्याच जिल्ह्याची आहे. किनवट आणि माहूर तालुक्यांतील सागवानी रानात, माळाच्या उतारावर, ओढ्याच्या काठाने हिची झुडपे जागोजाग आढळतात. (किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, हे नव्या पिढीतील विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. रानाला ही जिल्ह्याची सीमा अर्थातच कधी कळली नाही. तीच झुडपे नदीच्या पलीकडेही आहेत.) लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतेच उरले असल्यामुळे तेथील माणसाला ही शेंग झाडावर पाहण्याचा योग क्वचितच येतो. तो ती अत्ताराच्या दुकानातच पाहतो.

झुडपाला आपल्याकडे केवण म्हणतात आणि फळाला मुरुडशेंग. संस्कृतात आवर्तनी, म्हणजे वळसे घेतलेली. हिंदीत मरोडफली. उदगीर-देगलूरच्या पलीकडे कन्नड मुलखात एडमुरी म्हणजे डावीकडे पीळ असलेली आणि बलमुरी म्हणजे उजवीकडे पीळ असलेली अशी नावे चालतात. केरळातही इडंपिरी-वलंपिरी हे जोडनाव याच अर्थाचे आहे. भाषा बदलली तरी प्रत्येकाने प्रथम पाहिला तो पीळच. शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा. लिनियसने १७५३ साली हे नाव दिले, त्यातील हेलिक्टेरिस हा शब्दही ग्रीक भाषेतील मळसूत्रावरूनच आलेला आहे. आयसोरा या शब्दाची कथा मात्र वेगळी आहे आणि ती पुढे येईल.

झुडूप माणसाच्या उंचीहून थोडे मोठे, कधी दुप्पट. पान भेंडीच्या पानाची आठवण करून देणारे, वरून खरखरीत व खालून लवदार, कडा करवतीसारखी. हे साम्य वरवरचे नाही. पूर्वीच्या पुस्तकांतून केवणाचे कुळ वेगळे दिलेले असे, परंतु आता वनस्पतिशास्त्रज्ञ ते कापूस, भेंडी आणि अंबाडी यांच्याच कुळात धरतात. म्हणजे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ज्या एनएचएच-४४ कपाशीमुळे नाव मिळवले, ती कपाशी आणि किनवटच्या रानातील हे केवण एकमेकांचे दूरचे नातेवाईक आहेत. ज्या विद्यार्थ्यांना या विषयात अधिक पाहावयाचे असेल त्यांनी प्रा. व्ही. एन. नाईक यांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा ग्रंथ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अवश्य मागावा. आपल्या पायाखालच्या वनस्पतींची इतकी शिस्तशीर नोंद दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

पावसाळ्यात केवणाला फुले येतात. ताजे फूल विटकरी तांबडे असते. जुने झाले की तेच निळसर राखी होते, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंगांची फुले दिसतात व अनोळखी माणसाला ती दोन वेगळ्या झाडांची वाटतात. तांबड्या फुलात मध असतो, आणि त्यासाठी शिंजीर, बुलबुल, सातभाई असे पक्षी झुडपावर येतात. परागसिंचनाचे काम बरेचसे हेच पक्षी करतात. फूल गळाले की पाच बारीक शेंगा एकमेकींना बिलगून, एकमेकींभोवती पीळ घेत वाढू लागतात. आपण जिला एक शेंग म्हणतो ती प्रत्यक्षात पाच शेंगांची वेणी आहे. प्रथम हिरवी, मग हिवाळ्यात वाळून तपकिरी होते आणि टोकाकडून सुटू लागते.

औषधाकडे वळण्यापूर्वी दोरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. केवणाच्या सालीपासून मजबूत, पांढरट धागा निघतो. अंबाडी जशी पाण्यात कुजवून सोलतात तशीच केवणाच्या वर्षभराच्या सरळ फोका पाण्यात ठेवून साल सोलतात आणि तिची दोरी वळतात. रानाजवळच्या लोकांनी या दोरीने गुरे बांधली, झोपडीचे कूड आवळले. नायलॉन आल्यापासून हे काम जवळजवळ थांबले आहे. माझ्या मते केवणाचा खरा मोठा उपयोग एके काळी हाच होता. औषध हे त्याचे धाकटे रूप. परंतु दोरी विसरली गेली आणि शेंग लक्षात राहिली, कारण शेंग लेकराच्या पोटाशी बांधलेली होती.

आता आयसोरा या शब्दाकडे येऊ. सतराव्या शतकात मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने तेथील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करविला. 'हॉर्टस मलबारिकस' या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. त्यात केवणाचे चित्र आहे आणि त्याचे स्थानिक नाव इसोरा-मुर्री असे दिले आहे. लिनियसने तेच उचलले. परंतु या ग्रंथातील ज्ञान ऱ्हीडचे नव्हते. त्याला झाडे, त्यांची नावे आणि औषधी उपयोग सांगणाऱ्यांमध्ये प्रमुख होता इट्टी अच्युतन हा वैद्य. तो एळवा (ईळव) जातीचा होता. त्याचे मल्याळम भाषेतील हस्तलिखित प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी पंडितांचे १६७५ सालचे निवेदनही आहे, आणि ते नागरी लिपीत आहे.

हा तपशील मी मुद्दाम दिला आहे. ज्या जातीच्या लोकांना पुढे १९२४ साली वायकोम येथे मंदिराभोवतालच्या साध्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला, त्याच जातीच्या एका वैद्याच्या ज्ञानावर अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातील विद्वान विसंबले होते. त्याची सही ग्रंथात छापली गेली, त्याला नावाने ओळखले गेले. आपल्याकडे असे फार थोड्यांच्या वाट्याला आले. किनवटच्या रानातील गोंड, कोलाम, आंध बांधवांनी आणि गावकुसाबाहेरच्या सुइणींनी जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या राखले ते 'आजीबाईचा बटवा' या गोड नावाखाली सर्वांचे झाले. नाव कोणाचेच राहिले नाही. लातूर-नांदेडच्या कित्येक गावांत बाळंतपण करणारी सुईण अस्पृश्य मानलेल्या समाजातील असे. तिचा हात जन्माच्या वेळी चालत असे, नंतर चालत नसे, हे वृद्ध वाचकांना सांगायला नको.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट रोचक वाटेल. विनयपिटकातील महावग्गात औषधांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, भेसज्जक्खंधक. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, अन्न पचेना, कृश झाले, तेव्हा भगवंतांनी कोणकोणती औषधे वापरण्यास अनुज्ञा दिली याची ती नोंद होय. मुळांमध्ये हलिद्दा, सिंगिवेर, वचा, अतिविसा, भद्दमुत्तक ही नावे येतात, फळांमध्ये हरीतक, विभीतक, आमलक. मराठीत सांगायचे तर हळद, आले, वेखंड, अतिविष, नागरमोथा, हिरडा, बेहडा, आवळा. आता वर दिलेली पुरचुंडीतील यादी पुन्हा वाचा. दोन सहस्र वर्षांहून जुनी ही यादी आपल्या घरात आजही जवळजवळ तशीच नांदते आहे! मुळे वाटण्यासाठी निसद आणि निसदपोतक म्हणजे पाटा व वरवंटा वापरण्याची अनुज्ञाही तेथेच आहे. मुरुडशेंगेचे नाव मात्र त्या यादीत नाही. ते ओढूनताणून घालण्याचे कारणही नाही. यादीच्या शेवटी, अन्न म्हणून खाल्ली जात नाहीत अशी इतर औषधी फळेही चालतील असे म्हटले आहे, आणि मुरुडशेंग बसलीच तर त्या मोकळ्या जागेत बसते.

जीवकाची कथा तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला योजनभर परिसरातून औषध नसलेली एखादी वनस्पती शोधून आणण्यास सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परत आला. या कथेतून बरेच वक्ते असा अर्थ काढतात की झाडपाला म्हटला की तो गुणकारीच, त्याचा अपाय नाही. हा अर्थ मला पटत नाही. जीवक सात वर्षे शिकून मग ते उत्तर देऊ शकला. प्रत्येक वनस्पती कोणत्या रोगात, किती आणि कोणाला द्यावयाची हे त्याला कळले होते. हे कळणे बाजूला ठेवले तर उरतो तो नुसता पाला.

मुरुडशेंग देतात ती मुख्यतः पोटासाठी. पोटात मुरडा येणे, आव पडणे, हगवण लागणे, बाळाचे पोट फुगून त्याने पाय पोटाशी घेऊन रडणे, यांवर. मोठ्या माणसाला शेंगेचे चूर्ण किंवा काढा देतात, लहानाला सहाणेवर उगाळून एखादा वळसा. मूळ व सालही काही ठिकाणी वापरतात, मधुमेहासाठीही. मुरडा आणि मुरुडशेंग या शब्दांचे नाते उघड आहे. पीळ पडल्यासारखे दुखते म्हणून पीळ पडलेली शेंग, अशी कल्पना यामागे असावी. जे ज्यासारखे दिसते ते त्यावर औषध, ही समजूत जगभर होती. सोळाव्या शतकातील युरोपातही ती मोठमोठ्या वैद्यांनी मांडली होती. समजूत म्हणून ती निराधार आहे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धी वाढत नाही.

परंतु समजूत चुकीची असली म्हणून औषध निरुपयोगीच असते असे नाही. शेंगेत टॅनिन असते, म्हणजे हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत जो तुरटपणा असतो तो. तुरट द्रव्ये आतड्याच्या आतील थरावर काम करून पातळ शौच काहीसे आवरतात. शेंगेच्या अर्कामुळे आतड्याच्या स्नायूंचे आकुंचन सैल होते, असे प्रयोगशाळेत प्राण्यांच्या आतड्यावर केलेल्या कामातून दिसले आहे. मुळाच्या व फळाच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील साखर उतरल्याचेही प्रयोग आहेत. तेव्हा आजीच्या अनुभवाला काही आधार आहे. मात्र प्रयोगशाळेतील उंदीर आणि आपल्या मांडीवरील दोन महिन्यांचे लेकरू यांमध्ये मोठे अंतर आहे, आणि तान्ह्या मुलांवर रीतसर मोठ्या चाचण्या होऊन ही शेंग सिद्ध झाली आहे असे म्हणता येत नाही.

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथून सुरू होतो. माता-भगिनींनी व आशा कार्यकर्तीचे काम करणाऱ्या मुलींनी तो लक्षपूर्वक वाचावा ही विनंती.

हगवणीने मूल दगावते ते मुरड्यामुळे नव्हे. ते शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे दगावते. मुरुडशेंगेने कळ थांबली, मूल रडायचे थांबले, की घरच्यांना वाटते उतार पडला. पुष्कळदा ते मूल बरे वाटल्याने नव्हे तर गळून गेल्याने गप्प झालेले असते. टाळू खोल गेली की आपल्याकडे तिच्यावर तेल थापतात. खोल गेलेली टाळू, खोल गेलेले डोळे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती हळूहळू मागे जाणे, या सर्वांचा अर्थ एकच आहे. पाणी संपत आले आहे. तेल ते भरून काढत नाही आणि कोणतीही शेंगही नाही.

ते भरून काढण्याचा उपाय साधा आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिले आणि आजाऱ्यांना पाजावयास सांगितले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा २० ते ३० होते, ते शेकडा ४ च्याही खाली आले. तेच पाणी आज ओआरएसच्या पुडीत मिळते. पुडी शासकीय दवाखान्यात, अंगणवाडीत, आशाताईकडे विनामूल्य असते. मोठी पुडी असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी घालावी, अर्धी पुडी अंदाजाने घालू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हे पाणी चोवीस तासांच्या आत संपवावे, उरले तर टाकून द्यावे. बरोबर १४ दिवस झिंकची गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या मुलाला १० मिलिग्रॅम व त्यापुढे २० मिलिग्रॅम. अंगावरचे दूध बंद करू नये. शौचातून रक्त पडत असेल, मूल पाणीही ठेवत नसेल, ताप असेल किंवा सुस्तावले असेल तर घरी थांबू नये. दोन महिन्यांच्या आतील मुलाला जुलाब लागले तर सरळ दवाखानाच गाठावा. तान्ह्या मुलांच्या हगवणीचे एक मोठे कारण असलेल्या रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आहे, तीही चुकवू नये.

आता घुटीविषयी. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ साली जी शिफारस केली ती आज सर्व बालरोगतज्ज्ञ सांगतात. पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको. घुटीही त्यात आली. ज्येष्ठ स्त्रियांना हे ऐकताना राग येतो, कारण त्यांनी पाच-सहा लेकरे घुटीवर वाढवली आहेत. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण जी लेकरे वाढली नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. सहाण ओली राहते, तिच्यावर माशी बसते, कालचे राप आजच्या वळशात येते, पाणी हंड्यातले असते. पोटाच्या औषधातूनच पोटाचा रोग आत जातो. शिवाय वेखंड, जायफळ यांसारखी द्रव्ये थोडी अधिक झाली तर तान्ह्या मुलाला अपायकारक ठरतात.

एक कारण याहूनही वेगळे आहे आणि त्याचा दोष आयांना देणे अन्यायाचे होईल. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाताना मुलाला अफूची गोळी देत. तीच बाळागोळी. १९२०च्या सुमारास झालेल्या चौकशीत ती चाल सर्रास असल्याचे आढळले होते. मूल निजले तरच आईला मजुरी मिळत होती. आज अफू नाही, पण ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, बांधकामावर लेकरू झोळीत ठेवून राबणारी आई जायफळाचा एक वळसा अधिक देते तेव्हा कारण तेच असते. तिला आरोग्याचा उपदेश करण्यापूर्वी पाळणाघर कोठे आहे हे विचारले पाहिजे.

मुलगा वा मुलगी खाऊ-पिऊ लागल्यावर, पोट मधूनमधून दुखते म्हणून घरात मुरुडशेंग द्यावीशी वाटली तर वैद्याला विचारून द्यावी. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्याच्या रुग्णालयात विचारता येते. शेंग घेताना बुरशी आलेली, काळी पडलेली, पोखरलेली घेऊ नये. ताजी वाळलेली शेंग तपकिरी असते, हातात हलकी वाटते, मोडल्यावर आत बारीक काळसर बी दिसते. उगाळण्यापूर्वी शेंग आणि सहाण दोन्ही उकळत्या पाण्याने धुवावीत आणि काम झाल्यावर सहाण उन्हात वाळवावी.

महावग्गातच आजारी भिक्खूची एक हकीकत आहे. त्याला पोटाचा विकार झाला होता, तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून मंचकावर निजवले. त्या हकीकतीत कोणत्याही औषधाचे नाव येत नाही. पाणी, स्वच्छता आणि जवळ बसणारा माणूस एवढेच येते.

शेवटी रानाविषयी. वन हक्क कायदा २००६ नुसार पिढ्यान्‌पिढ्या रानावर राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आहे, आणि किनवट भागातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने ग्रामसभेचा अधिकार तेथे अधिक आहे. तरीही शेंग गोळा करणाऱ्याच्या हाती पडणारा पैसा आणि शहरातील पुडीची किंमत यांत फार तफावत असते, कारण मधले हात पुष्कळ. जी शेंग सावलीत वाळवून, निवडून, स्वच्छ करून विकली जाते तिला भाव बरा मिळतो, म्हणून बचत गटांनी हे काम हाती घेण्याजोगे आहे. गोळा करताना फांदी तोडू नये, शेंगच खुडावी आणि काही शेंगा झुडपावर राहू द्याव्यात. केवण तोडले वा वणव्यात जळले तरी बुडख्यातून फुटते, हे खरे. परंतु दरवर्षी तोडले तर फोका येतात, शेंगा येत नाहीत.

ज्यांना शाळेच्या वा विहाराच्या आवारात लावावयाचे असेल त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत पिकलेल्या शेंगा आणाव्यात. बीचे कवच फार टणक असल्यामुळे तसेच पेरले तर थोडेच उगवते. गरम पाण्यात टाकून ते पाणी गार होईपर्यंत, शक्यतो रात्रभर, बी तसेच ठेवावे आणि मृगाच्या आधी पिशवीत लावावे. पाण्याचा निचरा होणारी मुरमाड जमीन त्याला मानवते, काळ्या चिकण रानात ते रुसते.